शेतात सापडलेली जुन्या बंदुकीची नळी: साफ कशी करावी, घरात कशी मांडावी?

तापीकाठची

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात तापीकाठी आमचं शेत आहे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, शेती भाऊ बघतो. यंदा मे महिन्यात केळीच्या नव्या लागवडीसाठी ठिबकची मेन लाइन टाकायला जेसीबीने चर खणला. बांधापासून बारा-तेरा पावलांवर, सव्वा मीटर खाली, बकेटला काहीतरी अडकलं. ड्रायव्हरला वाटलं बोअरचा जुना पाइप. भावाने ओढून काढला, हौदावर नेऊन धुतला. एक टोक उघडं पण मातीने गच्च भरलेलं, दुसरं बंद, आणि बंद टोकापाशी उजव्या अंगाला पळीसारखी एक छोटी खोलगट कड. आबा खाटेवरून उठून आले. त्यांचं वय ७९. हातात घेतलं आणि लगेच म्हणाले, "पोरी, हाई बंदूकनी नळी शे."

मी मापं घेतली आहेत. लांबी ११२ सेंमी. गंजासकट वजन ४ किलो १०० ग्रॅम. तोंडापाशी नळी जराशी फुगीर आहे. मधोमध एक पितळी कडी, हिरवी पडलेली. लोहचुंबक सगळीकडे घट्ट चिकटतो. लाकूड अजिबात नाही. नळीच्या खालच्या अंगाला मातीत तपकिरी, भुसभुशीत असा एक पट्टा दिसला होता. तो दस्त्याचा असणार हे मला रात्री झोपताना सुचलं, तोवर भावाने चर बुजवला होता. याची हळहळ अजून जात नाही.

भावाने उत्साहाने वायर ब्रश घेऊन वीतभर भाग घासला. तेवढा चकचकीत झाला. मी थांबवलं. मग बैठकीत दाराआड उभी करून ठेवली. मे महिना काहीच झालं नाही. आमच्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे, पापड तासाभरात वाळतो. पण मृगाचा पाऊस झाला आणि आठवड्याच्या आत नळीला घाम फुटला. खरंच घामासारखे थेंब, नारिंगी-तपकिरी. थेंबाला निळा लिटमस लावून पाहिला, तो लाल झाला. म्हणजे आम्ल आहे. कुठून आलं? त्यातच काल सकाळी बोटाच्या पेराएवढा एक पापुद्रा सुटून खाली पडला. तो मी डबीत ठेवला आहे.

आबांना ही नळी बैठकीत भिंतीवर लावायची आहे. त्यांच्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट घरात चालत आली आहे: सातपुड्यात खाज्या नाईकांची लोकं इंग्रजांशी लढत होती, आंबापाण्याची लढाई झाली, त्या १८५८ च्या धामधुमीत पलटण येणार म्हणून गावात हत्यारं पुरली गेली. आबांच्या मनात ही तीच बंदूक. त्यांच्या हयातीत ती नीट मांडलेली त्यांना दिसावी एवढीच माझी इच्छा आहे.

हा गंज कसा काढू? पुन्हा येऊ नये म्हणून काय लावू? आणि भिंतीवर लावायची झाली तर कशी?

---

गॅरेजवाला अमळनेर

ताई, माझ्याकडे जुन्या गाड्यांचे जाम झालेले पार्ट येतात. डिझेलमध्ये आठ दिवस बुडवून ठेवा, गंज मऊ होतो. मग ग्राइंडरला वायर व्हील लावून हळू हळू फिरवा, वरून क्लिअर लॅकरचे दोन हात द्या. आरशासारखी होईल. तोंडातली माती गरम सळईने खोदून निघेल. लागलं तर इकडे घेऊन या, पैसे घेणार नाही. आबांना नमस्कार.

---

वरणगावचे नाना

ताई, आधी हे वाचा, बाकी सगळं नंतर. गरम सळई नाही, ग्राइंडर नाही, वेल्डिंग नाही, हातोडी नाही. ती नळी भरलेली असू शकते.

मी वरणगावच्या आयुध निर्माणीत नोकरी केली, आयुष्य दारूगोळ्याजवळ गेलं. तुम्ही सांगता ती उजव्या अंगाची पळी म्हणजे रंजक, म्हणजे आग लावायची चिमूटभर दारू, ठेवायची जागा, लोक तिला कान म्हणतात. म्हणजे ही तोड्याची बंदूक. तोडा म्हणजे जामगी, सुताची दोरी. ती पेटती ठेवायची, चाप ओढला की जळतं टोक कानातल्या रंजकावर टेकायचं, तिथून बारीक छिद्रातून आग आतल्या बाराला, म्हणजे ठासलेल्या दारूला लागायची. ठासणीची बंदूक तोंडातून भरतात आणि एकदा भरली की ती रिकामी करायचा सोपा मार्ग म्हणजे उडवणं. म्हणून जुन्या काळी माणसं भरलेलीच कोपऱ्यात ठेवायची, भरलेलीच पुरायची.

काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. यातलं काहीच वयाने नासत नाही. पाणी शिरलं तर सोरा विरघळून जातो आणि दारू मरते, हे खरं. पण पुढे गोळी, तिच्यावर गंज आणि माती यांचं बूच घट्ट बसलं असेल तर मागची दारू कोरडी राहिलेली असू शकते. कोरड्या दारूला ठिणगी किंवा उष्णता पुरते. शंभर-दीडशे वर्षं झाली म्हणून ती माफ करत नाही.

रिकाम्या नळीत लाकडी काठी हलकेच आत सोडून, बाहेर धरून कानाच्या छिद्राशी माप जुळवून बघता येतं. काठी चार बोटं अलीकडेच अडली तर आत बार आहे. तुमच्या नळीत मातीच भरली आहे, त्यामुळे हे माप घेता येणार नाही. ती भरलेलीच आहे असं धरून चाला. तोंड कोणाकडे येणार नाही अशी आडवी ठेवा, चुलीपासून, गॅसपासून, देवघराच्या समईपासून लांब. मुलांना हात लावू देऊ नका. पोलीस ठाण्यात कळवा, जिल्ह्याचं बॉम्बशोधक व नाशक पथक बघून देईल. घरी खोदू नका.

गॅरेजवाले भाऊ, राग मानू नका. तुम्ही मनापासून सांगितलंत हे कळतं.

---

गॅरेजवाला अमळनेर

नाना, राग कसला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ताई, माझं वरचं काही करू नका.

---

फिर्याद ते फेरफार

महसूल खात्यात होतो, त्या बाजूचं सांगतो. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. गट क्रमांक घाला, जेसीबीवाल्याचं नाव घाला, फोटो जोडा. तहसील कार्यालयात देऊन पोच घ्या.

हत्यार कायदा १९५९ चा. त्याच्या कलम ४५ मध्ये, दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा जुन्या घडणीच्या, पुरातन किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे. पण चालू शकणार नाही हे आपण घरी ठरवायचं नसतं, म्हणून पोलिसांच्या कागदावर ते येऊ द्या. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती देशाबाहेर जाऊ शकत नाही, आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही. कोणी हौशी माणूस रोख पैसे घेऊन दारात आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

दोन महिने उशीर झाला म्हणून घाबरून गप्प बसू नका. स्वतःहून कळवणाऱ्याशी कोणी वाकडं वागत नाही असा माझा अनुभव आहे.

---

जतन-धुळे

ताई, तुमचा लिटमस वाचून मी दोनदा मागे जाऊन पोस्ट वाचली. फार मोलाचं काम केलंत तुम्ही.

मी धुळ्याची. शाळेत असताना राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहालयात पहिल्यांदा जुनी वस्तू जवळून पाहिली. आता बरीच वर्षं संग्रहालयांसाठी धातूच्या वस्तूंचं जतन करते. जमिनीतून निघालेलं लोखंड हा त्यातला सगळ्यात हट्टी पेशंट.

तुमचं आम्ल आलं कुठून ते आधी सांगते. जमिनीत लोखंड गंजतं तेव्हा मातीतले क्लोराइड आत ओढले जातात आणि गंजाच्या थराखाली, शिल्लक धातूला चिकटून बसतात. जमिनीत असेपर्यंत एक प्रकारचा तोल असतो. बाहेर काढलं की हवा मिळते, मग पावसाळ्याची दमट हवा मिळते, आणि तेच क्लोराइड ओलावा खेचून लोहाच्या आम्लधर्मी द्रावणाचे थेंब बाहेर टाकतात. आतल्या थरात नवा गंज तयार होतो, तो जास्त जागा घेतो आणि वरचा पापुद्रा ढकलून देतो. तुमच्या डबीतला तुकडा असाच सुटला आहे.

आता केळीचं बघा. केळीला पालाश लागतं म्हणून आपण म्युरेट ऑफ पोटॅश देतो. ते म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. वर्षानुवर्षं, पोतीच्या पोती, वर पाणी. सव्वा मीटर खाली पडलेल्या त्या नळीला किती वर्षं क्लोराइड मिळालं असेल याचा विचार करा. खानदेशातल्या केळीच्या मळ्यातून निघालेलं लोखंड कोरडवाहू रानातल्या लोखंडापेक्षा लवकर फुटतं, असं माझ्या हाताखालून गेलेल्या मोजक्या वस्तूंवरून मला वाटतं.

म्हणून "गंज काढू कसा" हा प्रश्नच जरा बाजूला ठेवू या. तुमच्या नळीचा मूळ पृष्ठभाग, म्हणजे लोहाराने घासून गुळगुळीत केलेली कातडी, ती आता धातूत राहिलेली नाही. ती गंजाच्या थरांमध्ये आहे. तोंडाशी नक्षी असेल, कानाजवळ खूण असेल, तर ती तिथेच आहे. वायर ब्रशने चमकलेला वीतभर भाग म्हणजे त्या कातडीच्या आतलं मांस. झालं ते झालं, भावाला बोल लावू नका, पण आता एक चौरस सेंटिमीटरही घासू नका. चिंच, लिंबू, व्हिनेगर, बाजारातलं रस्ट रिमूव्हर, सगळी आम्लंच. कातडी खातात आणि मीठ, म्हणजे ते क्लोराइड, तिथेच ठेवतात. डिझेल-रॉकेलने मीठ निघत नाही, उलट सगळ्या भेगा तेलकट होतात आणि नंतरच्या उपचाराचं पाणी आत शिरत नाही. लॅकर, वॉर्निश, टॅनिक ॲसिडचा काळा लेप हे मीठ काढल्यानंतरचे उपाय. आधी लावले तर आतून फुगून सोलून निघतात. इंटरनेटवर धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर लावून गंज काढायचे व्हिडिओ आहेत. त्यात हायड्रोजन सुटतो आणि गंजाचा थर ओघळून पडतो. नानांनी सांगितलंय तशी भरलेली असण्याची शंका असलेली नळी त्यात बुडवणं तर विचारही करण्यासारखं नाही. पितळी कडीला पितांबरी लावू नका.

करायचं ते एवढंच. ओलावा तोडायचा. क्लोराइडवालं लोखंड हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली, जमलं तर १५ च्या आसपास ठेवली की जवळजवळ थांबतं. मे महिन्यात ते गप्प बसलं होतं ते त्यामुळेच. आपल्याला त्याच्यासाठी कायमचा मे महिना तयार करायचा आहे.

११२ सेंटिमीटरचा हवाबंद डबा दुकानात मिळत नाही. पण तुमच्या शेतात मिळेल. तुषार सिंचनाचा काळा एचडीपीई पाइप, ११० मिमीचा, सव्वा मीटर कापून घ्या, दोन्ही टोकांना रबर रिंगवाली एंड कॅप. पीव्हीसी घेऊ नका, तो स्वतःच क्लोरीनवाला. आत पॉलिथिलीन फोमच्या पट्ट्या, त्यावर नळी, आणि कापडी पिशव्यांत सिलिका जेल, निदान लोखंडाच्या वजनाइतकी. तुमच्यासाठी चार-पाच किलो. सोबत आर्द्रता दाखवणारी निळी-गुलाबी पट्टी ठेवा. निळी असेल तर कोरडं, गुलाबी व्हायला लागली की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून, थंड करून परत भरायची. नळीला हातमोजे घालूनच हात लावा, घामातही मीठ असतं.

पण हे सगळं पथकाने बघून दिल्यानंतर. त्याआधी नळी बंद पाइपमध्ये घालू नका.

पुढचा खरा उपचार म्हणजे क्लोराइड बाहेर काढणं. त्यासाठी वस्तू अल्कलीच्या द्रावणात कित्येक महिने ठेवून, द्रावण बदलत, दर वेळी क्लोराइड मोजत जावं लागतं. कॉस्टिक सोडा घरात उघडा ठेवून हे करू नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या जतन विभागाला किंवा लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधान प्रयोगशाळेला फोटो पाठवून विचारून बघा. उत्तर येईपर्यंत पाइपमध्ये ती सुखरूप राहील.

---

तापीकाठची

सगळ्यांना उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, माफ करा.

नाना, तुमचे शब्द वाचल्यावर मी त्याच रात्री नळी उचलून मागच्या गोठ्यात, भिंतीकडे तोंड करून, वाळूच्या पोत्यावर आडवी ठेवली. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात अर्ज दिला, तहसीलला पत्र दिलं, पोच घेतली. पथक चौथ्या दिवशी आलं. त्यांनी ती शेतात नेऊन काम केलं, आम्हाला बांधापलीकडे उभं केलं. दोन तासांनी बोलावलं.

बार होता. मातीच्या मागे गोळी, गोळीच्या मागे चिंधीचा काळा गोळा, आणि त्याच्या मागे दारू. अर्धी चिखल झालेली, अर्धी कोरडी. त्यांनी ती भिजवून नष्ट केली. गोळी शिशाची आहे, साधारण १५ मिमीची, पांढरट पडलेली. पंचनामा झाला, नळी चालण्याजोगी नाही असं त्यात लिहिलं आहे, आणि निर्णय होईपर्यंत सुपूर्दनाम्यावर आमच्याकडे ठेवली आहे.

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. मला वाटलं दमले. संध्याकाळी म्हणाले, भरून ठेवलेली होती म्हणजे तो माणूस परत येणार होता. मी त्यावर काही बोलू शकले नाही. मे महिन्यात दोन दिवस माझी भाचरं ती खांद्यावर घेऊन अंगणात खेळली होती, तेही मला त्याच क्षणी आठवलं.

पाइप तुम्ही सांगितला तसाच केला, जतनताई. भावाने स्वतः कापला, कडा घासल्या. थेंब थांबले आहेत.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गोळी कशी ठेवू? आणि आबांच्या भिंतीचं काय? काळा पाइप बघून ते काही म्हणत नाहीत, पण रोज एकदा त्या खोलीत जाऊन येतात.

---

वरणगावचे नाना

ताई, तुम्ही वेळेवर ऐकलंत. यापेक्षा जास्त मला काही लिहिता येत नाही आत्ता. आबांना माझा नमस्कार कळवा.

---

जतन-धुळे

भाचरांचं वाचून हात थांबले माझे.

गोळी आधी. शिशावरचा पांढरा थर खरवडू नका, तो विषारी आहे आणि तोच तिचं रक्षणही करतो. हात लावला तर साबणाने धुवा. लाकडाच्या, प्लायवूडच्या किंवा पुठ्ठ्याच्या डबीत ठेवू नका. लाकडातून आम्लाची वाफ सुटते आणि शिसं पांढऱ्या भुकटीत विरघळत जातं. झाकणाची छोटी काचेची बाटली, आत फोमचा तुकडा, पुरे. तुम्ही जपलेला पापुद्रा आणि चिंधीचा काही भाग मिळाला असेल तर तेही वेगवेगळ्या बाटल्यांत, चिठ्ठीसह.

भिंतीवर खिळ्यांना टांगू नका, हे माझं ठाम मत आहे. गंजलेल्या नळीचं वजन दोन बिंदूंवर येतं आणि ती तिथेच तडकते. शिवाय बैठकीत जुलै-ऑगस्टची हवा मोकळी. काचेची पेटी करायची तर आडवी, भिंतीलगत, ॲल्युमिनियमच्या चौकटीची. एमडीएफ नको, फेव्हिकॉलने चिकटवलेलं प्लाय नको. काच बसवताना सुताराला सांगा की व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नको, न्यूट्रल क्युअर मिळतो तो आण. तो वास म्हणजे ॲसेटिक ॲसिडच. तळाशी जाळीचा खोटा पाट आणि त्याखाली जेलचा ड्रॉवर असा ठेवा की पेटी न उघडता जेल बदलता येईल. नळीला आधार तिच्या आकाराच्या तीन फोमच्या कुशींचा. आत दिवा नको, दिव्याने पेटी दिवसा तापते, रात्री गार होते आणि प्रत्येक वेळी बाहेरची दमट हवा आत ओढते. आणि हे सगळं क्लोराइड निघाल्यानंतर. आज केलंत तर पुढच्या आषाढात पेटीच्या तळाशी पापुद्र्यांचा ढीग बघाल.

तोवर आबांसाठी एक करता येईल. उजेड एका बाजूने तिरका टाकून नळीचा नीट फोटो काढा, खऱ्या मापात, ११२ सेंटिमीटर, छापून लाकडी चौकटीत लावा. कागदाला लाकूड चालतं.

खाली काय लिहायचं तेही सांगते, कारण ते साफसफाईइतकंच महत्त्वाचं आहे. नळी तोड्याच्या बंदुकीची, बार भरलेला होता, कुठल्या गटात, किती खोल, कोणत्या तारखेला सापडली. एवढं तुम्हाला ठाऊक आहे. १८५८ लिहू नका. या मुलखात १८१८ साली थाळनेरला रक्त सांडलं, त्यानंतर भिल्लांचे उठाव झाले, १८२५ मध्ये धरणगावला औट्राम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली, पुढे १८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्याशिवाय बंदूक ठेवणं गुन्हा झाला. तोड्याची बंदूक या सगळ्या काळात गावागावात होती, शिकारीला आणि पीक राखायलाही. आबांची गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, आजोबांचं नाव, ते कुठे बसून सांगायचे, सगळं. ती वेगळी वस्तू म्हणून जपा.

---

तापीकाठची

फोटो लावला. उजेडासाठी भावाने ट्रॅक्टरचा दिवा वापरला, कानाजवळ तीन बारीक रेघा दिसल्या ज्या आम्हाला डोळ्यांनी कधी दिसल्या नव्हत्या. लोहाराची खूण असेल का ते प्रयोगशाळेला विचारलं आहे.

खालचा मजकूर आबांनी स्वतःच्या हाताने लिहिला. गट क्रमांक, खोली, तारीख. थोडा वेळ पेन धरून बसले, मग ओळ वाढवली नाही. गोष्ट मी मोबाइलवर रेकॉर्ड केली, एकेचाळीस मिनिटांची झाली, त्यात मला आजवर न सांगितलेली तीन नावं निघाली.

पट्टी आज सकाळी निळी होती.